मोठ्या बोअरचे काडतूस निवडताना : आकडा, गोळी आणि खांदा

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर एक रिकामी पितळी पुंगळी उभी असते. तिची उंची तीन इंच, म्हणजे ७६ मिलिमीटर आहे. बुडाला जाड कड, वर हळूहळू निमुळते होत गेलेले अंग आणि शेवटी बाटलीसारखी लांब मान असा तिचा घाट आहे, आणि बुडावर कायनॉक या इंग्रज कारखान्याचे नाव गोल फिरवून ठोकलेले आहे. साकोलीच्या बाजूला आमच्या आजोबांकडे मालगुजारी होती, त्या काळात त्यांनी घेतलेल्या .४५०/४०० मापाच्या दुनळी रायफलीची ही पुंगळी आहे. रायफल आज वारसाहक्काने माझ्या परवान्यावर आहे आणि गेल्या चाळीस वर्षांत तिच्यातून एकही गोळी सुटलेली नाही. नळीला वर्षातून दोनदा तेल लावण्यापलीकडे माझा तिच्याशी संबंध नाही. परंतु या एका पुंगळीने मला जे शिकवले, ते गेल्या वर्षी माझ्या भाच्याच्या उपयोगी पडले, आणि म्हणूनच हा लेख लिहावा असे वाटले.

भाचा नामिबियात एका खाणीत अभियंता आहे. तिथल्या कायद्याप्रमाणे त्याच्याकडे शस्त्रपरवाना आहे, आणि त्या देशाच्या ईशान्य भागात ठरवून दिलेल्या कोट्यात होणाऱ्या रानरेड्याच्या शिकारीसाठी त्याला स्वतःच्या मापाची रायफल बनवून घ्यायची होती. त्याचा पहिला प्रश्न असा होता : "मामा, सगळ्यांत मोठं काडतूस कोणतं घ्यावं?" प्रश्नाची सुरुवातच चुकीच्या टोकाकडून झाली होती, आणि हे चुकीचे टोक मी आमच्या भागातही नेहमी पाहतो. जुन्या घरांतून निघालेल्या रायफलीच्या नळीवरचा आकडा वाचून माणसे तिची ताकद ठरवतात. तो आकडा नेमका काय सांगतो, हे आधी पाहू.

नळीच्या आत पीळ दिलेल्या खाचा असतात. दोन खाचांच्या मधल्या उंचवट्यांवरून मोजले तर एक व्यास मिळतो आणि खाचांच्या तळातून मोजले तर त्याहून थोडा मोठा व्यास मिळतो. गोळी या दुसऱ्या, मोठ्या व्यासाची असते. नाव, म्हणजे इंचात लिहिलेला तो आकडा, मात्र कधी पहिल्या मापावरून ठेवले जाते, कधी दुसऱ्यावरून, आणि कधी दोहोंचा संबंध न ठेवता केवळ विक्रीच्या सोयीने. .३०३ रायफलीची गोळी प्रत्यक्षात ०.३११ इंचाची असते. .४०४ जेफरीची गोळी ०.४२३ इंचाची, म्हणजे .४१६ रिग्बीच्या गोळीपेक्षा जाड, जरी नावावरून कोणीही उलटच समजेल. माझ्या पुंगळीच्या नावात दोन आकडे आहेत, कारण .४५० मापाच्या काडतुसाची मान आवळून ती .४०० मापाच्या गोळीसाठी केली होती, आणि त्यात बसणारी गोळी पुन्हा ०.४१० इंचाची आहे. म्हणून नळीवरचे नाव हे माणसाच्या नावासारखे समजावे. त्यावरून ओळख पटते, स्वभाव कळत नाही.

नावांच्या या गोंधळाला हिंदुस्थानचाही हातभार लागलेला आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात .४५० मापाच्या रायफलींवर बंदी घातली. जुन्या मार्टिनी-हेन्री लष्करी बंदुका त्याच मापाच्या होत्या, आणि शिकारीच्या नावाने आलेली काडतुसे किंवा गोळ्या बंडखोरांच्या हाती पडतील अशी सरकारला भीती होती. इंग्लंडमधल्या बंदूक बनवणाऱ्यांचे मोठे गिऱ्हाईक इथेच असल्याने त्यांनी ताबडतोब .४६५, .४७० आणि .४७५ अशी शेजारची मापे काढली. आज आफ्रिकेत .४७० नायट्रो एक्सप्रेस हे दुनळी रायफलीचे सर्वांत रुळलेले काडतूस मानले जाते, आणि ते इतके रुळण्यामागे आपल्याकडचा एक सरकारी हुकूम आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

आता गोळीच्या वजनाकडे वळू. काडतुसांच्या जगात वजन ग्रेनमध्ये सांगतात, आणि मराठी वाचकाला ते परके वाटते, परंतु ते तसे नाही. आपला तोळा १८० ग्रेनचा होता आणि मासा १५ ग्रेनचा. .३०-०६ रायफलीची १८० ग्रेनची नेहमीची गोळी म्हणजे बरोबर एक तोळा. .३७५ हॉलंड अँड हॉलंडची ३०० ग्रेनची गोळी म्हणजे एक तोळा आठ मासे. .४१६ रिग्बीची ४०० ग्रेनची गोळी सव्वादोन तोळ्यांना थोडी कमी, आणि .४५८ मापाची ५०० ग्रेनची गोळी पावणेतीन तोळ्यांच्या किंचित वर. भाच्याला मी हे सांगितले तेव्हा त्याने आधी आईच्या पाटल्यांचे वजन आठवले आणि मग गोळीचे. वजन असे हातात आल्याशिवाय पुढचे गणित समजत नाही.

गोळीचा वेग आणि वजन मिळून तिची ऊर्जा होते, आणि ती ज्यूलमध्ये मोजतात. नामिबियात रानरेडा, हत्ती यांसारख्या प्राण्यांसाठी नळीच्या तोंडाशी किमान ५,४०० ज्यूल ऊर्जा असली पाहिजे असा नियम आहे. साडेपाच क्विंटल धान एक मीटर उंच उचलायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी ही आहे. .३७५ हॉलंडची ३०० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ७७० मीटर वेगाने निघते आणि तिची ऊर्जा सुमारे ५,७५० ज्यूल भरते, म्हणजे ती या रेषेच्या जरा वर बसते. .४१६ रिग्बी ७३० मीटर वेगाने सुमारे ६,९०० ज्यूल देते. .४५८ विंचेस्टर मॅग्नम ६४० मीटर वेगाने सुमारे ६,६०० ज्यूल देते, आणि त्याचा लांब भाऊ .४५८ लॉट ७०० मीटर वेगाने आठ हजारांच्या जवळ जातो. .४६० वेदरबी मॅग्नम तर दहा हजार ज्यूलच्या घरात आहे.

हे आकडे वाचून भाचा साहजिकच शेवटच्या नावाकडे गेला. परंतु ऊर्जेच्या गणितात वेगाचा वर्ग येतो, वजन मात्र एकदाच येते, आणि त्यामुळे हलकी पण फार वेगवान गोळी कागदावर फार मोठी दिसते. .३०० वेदरबीची एक तोळ्याची गोळी सेकंदाला जवळजवळ ९९० मीटर वेगाने जाते आणि तिची ऊर्जा .३७५ च्या जवळपास येते. तरीही सहाशे ते आठशे किलोच्या रेड्याच्या खांद्याचे हाड फोडून आतल्या फुफ्फुसापर्यंत पोहोचण्याच्या कामी या दोन गोळ्या सारख्या नाहीत. आफ्रिकेतल्या अनेक देशांनी धोकादायक प्राण्यांसाठी .३७५ हे किमान माप ठरवले आहे, ते एवढ्यासाठीच.

आत घुसण्याचे शास्त्र शेतकऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही. कुंपणाचे खांब रोवताना कडक जमिनीत आपण सब्बल मारतो, तितक्याच वजनाचा घण मारत नाही. वजन सारखे असले तरी सब्बलीचे सगळे वजन एका लहान तोंडामागे सरळ रेषेत उभे असते, म्हणून ती खोल जाते. गोळीचेही तसेच आहे. तिचे वजन पौंडात घेऊन त्याला इंचातल्या व्यासाच्या वर्गाने भागले, की जो आकडा येतो तो तिचा सब्बलपणा सांगतो. एक तोळ्याच्या .३०-०६ गोळीचा हा आकडा ०.२७ येतो, .३७५ च्या ३०० ग्रेन गोळीचा ०.३०५, .४१६ च्या ४०० ग्रेन गोळीचा ०.३३ आणि .४५८ च्या ५०० ग्रेन गोळीचा ०.३४. जाड कातडी आणि जड हाडांच्या प्राण्यासाठी हा आकडा ०.३० च्या वर असावा, असे अनुभवी लोक मानतात आणि मलाही ते पटते. .३७५ मध्ये ३५० ग्रेनची गोळी घेतली तर हाच आकडा ०.३५ च्या पुढे जातो, म्हणजे काडतूस न बदलता केवळ गोळी बदलून ते मिळवता येते.

याहूनही महत्त्वाची गोष्ट गोळीच्या घडणीची आहे. मऊ टोकाची गोळी अंगात शिरताच पुढून छत्रीसारखी उमलते, जखम रुंद करते आणि त्या बदल्यात तिची खोली कमी होते. भरीव गोळी उमलत नाही, म्हणून ती सरळ आरपार जाते. हत्तीचे डोके पुढून पोकळ, पोळ्यासारख्या हाडाने भरलेले असते आणि मेंदू खूप आत असतो, म्हणून तिथे भरीव गोळीच लागते. रेड्यासाठी पहिली गोळी उमलणारी, पण शिसे आणि वेष्टण एकमेकांना घट्ट जोडलेली किंवा संपूर्ण तांब्याची असावी, म्हणजे हाडावर तिचे तुकडे होत नाहीत. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, पुंगळीत जास्त जागा खाते आणि हवेत स्थिर राहण्यासाठी नळीचा पीळ अधिक दाट मागते. रायफल बनवून घेणाऱ्याने म्हणूनच आधी गोळी ठरवावी आणि मग पीळ. बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात.

डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या आरंभी आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले, आणि त्यांतले बरेचसे अवघ्या सात मिलिमीटरच्या काडतुसाने, भरीव गोळी वापरून. या उदाहरणाचा आधार घेऊन लहान बोअर, म्हणजे नळीचा लहान व्यास, पुरतो असे म्हणणारे भेटतात. बेल यांना हत्तीच्या कवटीची आतली रचना तोंडपाठ होती, त्यांच्यापुढे बंदुकीला न सरावलेले कळप होते आणि सोयीचा कोन मिळेपर्यंत थांबायला वेळ होता. भाच्याला वर्षाकाठी एखादा रेडा आणि तोही दाट झुडपात मिळणार आहे. बेल यांच्याकडून घ्यायचे ते एवढेच, की भरवशाच्या घडणीची गोळी नेमक्या जागी गेली तर ती मापाहून मोठे काम करते.

नेमक्या जागी गोळी न जाण्याचे सगळ्यांत मोठे कारण म्हणजे धक्का. दोन वर्षांपूर्वी मी भाच्याकडे गेलो होतो, तेव्हा विंडहुकजवळच्या एका नेमबाजीच्या मैदानावर त्याच्या परिचिताची .४५८ विंचेस्टर मला हाताळायला मिळाली. गोळी आणि तिच्यामागचा वायू जितक्या संवेगाने पुढे जातात, तितक्याच संवेगाने रायफल मागे येते, हा न्यूटनचा नियम मला शाळेपासून ठाऊक होता. पहिल्या गोळीला दस्ता खांद्यात असा घुसला, की मला कानांवरचे कवच सरकल्याचेही जाणवले नाही. दुसरी आणि तिसरी मी दात आवळून मारली. त्यानंतर भाच्याने मला न दाखवता मॅगझिनमध्ये एक निर्जीव, दारू नसलेले काडतूस घातले. मी श्वास रोखला, चाप ओढला आणि केवळ ‘टक’ असा आवाज झाला, पण नळीचे तोंड मात्र चार बोटे खाली गेले. रायफल उडालीच नव्हती. खाली ओढली होती ती मीच, येणाऱ्या धक्क्याच्या भीतीने. आधीच्या दोन गोळ्या लक्ष्याच्या खाली का लागल्या होत्या, हे त्या क्षणी समजले. मला नेम येत नव्हता असे नाही, माझे शरीर माझ्या आधी ठरवत होते.

धक्क्याचे गणित साधे आहे. ३.६ किलोची .३०-०६ सुमारे २८ ज्यूलचा धक्का देते. ४.१ किलोची .३७५ हॉलंड साधारण ५५ ज्यूलचा, म्हणजे दुप्पट. तेवढ्याच वजनाची .४५८ विंचेस्टर ८५ ज्यूलच्या आसपास जाते. .४१६ रिग्बी साडेचार किलोची केली तरी ८० ज्यूलच्या पुढे जाते, आणि .४६० वेदरबी १३० ज्यूलच्या पलीकडे. वजन वाढवले की धक्का कमी होतो, कारण त्याच संवेगाला अधिक वस्तुमान मागे ढकलावे लागते. तीच .४१६ पाच किलोची केली तर धक्का ७५ ज्यूलवर येतो. परंतु पाच किलोची रायफल घेऊन उन्हात दिवसभर माग काढत चालायचे आहे, हेही तेव्हाच मनात धरावे लागते. नळीच्या तोंडाला वायू बाजूला फेकणारा ब्रेक बसवून धक्का कमी करता येतो, पण त्याचा आवाज शेजारी उभ्या असलेल्या माग काढणाऱ्याच्या कानाला कायमची इजा करणारा असतो. दुसऱ्याच्या कानावर आपल्या खांद्याचे सुख विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दस्त्याची घडण याहून अधिक उपयोगी पडते. दस्ता सरळ रेषेत मागे येणारा असला तर धक्का खांद्यावर पसरतो. तो फार खाली झुकलेला असला तर नळी वर उसळते आणि दस्त्याची वरची कड गालफडावर बसते. त्याची लांबी स्वतःच्या हाताच्या मापाने घ्यावी, आणि टोकाला रुंद रबरी गादी असावी. स्वतःच्या मापाची रायफल बनवून घेण्याचा खरा फायदा इथे आहे, तो मोठ्या आकड्यात नाही.

काडतुसाच्या पोटाकडे आता वळू, कारण माझी पुंगळी खरे तर याच प्रश्नाचे उत्तर आहे. ४०० ग्रेनच्या गोळीसाठी त्या तीन इंची पितळी नळीत फक्त ६० ग्रेन कॉर्डाइट घालत. कॉर्डाइट ही दारू पूड नसून शेवयांसारख्या लांब काड्यांची असे, आणि पुंगळीत त्या काड्यांची जुडी उभी भरलेली असे. एवढी मोठी पुंगळी अर्धीअधिक रिकामी कशाला ठेवायची, असे कोणालाही वाटेल. कारण उन्हाचे आहे. दारू जितकी तापलेली, तितकी ती वेगाने जळते आणि तितका आतला दाब वाढतो, आणि कॉर्डाइटमध्ये हा दोष ठळक होता. दाब वाढला की पितळ फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीच्या, भिंतीला चिकटते आणि रिकामी पुंगळी बाहेर निघत नाही. इंग्लंडच्या थंडीत बिनबोभाट चालणारे काडतूस मे महिन्याच्या आपल्या उन्हात, जिथे चंद्रपूर-भंडाऱ्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, ऐन वेळी अडकू शकत होते. म्हणून इंग्रज कारखानदारांनी पुंगळी मोठी केली आणि दाब मुद्दाम कमी ठेवला.

१९११ साली आलेले .४१६ रिग्बी याच विचाराचे आहे. त्याचा कमाल दाब ३,२५० बार धरलेला आहे, तर .३७५ हॉलंडचा ४,३०० बार. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात साधारण एक बार हवा असते, यावरून हे आकडे केवढे आहेत ते ध्यानात यावे. आजची दारू उष्णतेला कितीतरी कमी बधते, त्यामुळे जुन्या भीतीचे वजन कमी झाले आहे, पण संपलेले नाही. नामिबियातही काडतुसे गाडीच्या तापलेल्या पत्र्याखाली पडून राहतात. दोन काडतुसे समान काम करत असतील तर कमी दाबाचे निवडावे, हा माझा कल या पुंगळीमुळेच झालेला आहे.

.४५८ विंचेस्टरची कथा याच्या नेमकी उलट आहे. १९५६ साली ते आले तेव्हा हेतू चांगला होता. .३०-०६ साठी बनलेल्या, सहज मिळणाऱ्या, मध्यम लांबीच्या रायफलीत बसेल असे हत्तीच्या शिकारीचे स्वस्त काडतूस विंचेस्टर कंपनीला द्यायचे होते. त्यासाठी पुंगळी अवघी ६३.५ मिलिमीटर ठेवली. तेवढ्या जागेत जड गोळीला पुरेसा वेग द्यायचा तर दारू दाबून भरावी लागे, आणि जुनी झालेली, दाबलेली दारू कधी कधी नीट पेटत नसे, वेग पडत असे. १९५९ मध्ये मोझांबिकमध्ये रेड्याने जखमी केलेल्या जॅक लॉट या अमेरिकी शिकाऱ्याने पुढे, १९७१ साली, हीच गोळी ७१ मिलिमीटरच्या लांब पुंगळीत बसवली. त्या .४५८ लॉटचा एक व्यावहारिक गुण असा, की त्याच्या चेंबरमध्ये अडचणीच्या वेळी आखूड .४५८ विंचेस्टरही चालते. आजची .४५८ विंचेस्टर काडतुसे पूर्वीपेक्षा चांगली आहेत, तरीही जागेची मूळ टंचाई कायम आहे.

लांबीचा हा प्रश्न सरळ खिशाशी येऊन भिडतो. .३०-०६ आणि .४५८ विंचेस्टर ही पूर्ण काडतुसे सुमारे ८५ मिलिमीटर लांब असतात, .३७५ हॉलंड ९१, आणि .४१६ रिग्बी ९५. शिवाय रिग्बीचे बूड १५ मिलिमीटर रुंद आहे, .३७५ चे साडेतेरा. म्हणजे रिग्बीसाठी बोल्टचे, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्याचे, तोंड मोठे, मॅगझिन रुंद आणि संपूर्ण ॲक्शन, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो रायफलीचा मधला सांगाडा, लांब लागते. अशी मॅग्नम लांबीची ॲक्शन महाग असते. काही कारागीर १८९८ च्या नमुन्याची साधी माउझर ॲक्शन कोरून तिच्यात लांब काडतूस बसवून देतात. त्यासाठी पुढच्या उतारावरचे लोखंड काढावे लागते, आणि बोल्टची खालची कडी ज्या जागी टेकते तिच्यामागचा आधार त्यात पातळ होतो. चार हजार बारचा दाब ज्या जागेवर येणार, तिथले लोखंड पैसे वाचवण्यासाठी काढू नये. भाच्याला मी या एका बाबतीत आग्रह केला, बाकी सगळे त्याच्यावर सोडले.

ॲक्शनमध्ये दुसरी गोष्ट पाहायची ती बोल्टवरच्या लांब पंजाची. माउझरच्या रचनेत मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाच्या बुडाची कड हा पंजा लगेच पकडतो आणि चेंबरमध्ये जाईपर्यंत सोडत नाही. घाईत बोल्ट अर्धा मागे ओढून पुन्हा पुढे ढकलला तरी दोन काडतुसे एकमेकांत अडकत नाहीत. .३७५ हॉलंडची पुंगळी बुडापासून मानेपर्यंत चांगली निमुळती आहे, त्यामुळे ती मेणासारखी आत सरकते आणि तशीच बाहेर येते. १९१२ मध्ये तिला बुडाशी जो पट्टा दिला, तो ताकदीसाठी नाही. पुंगळीच्या खांद्याचा, म्हणजे मानेखालच्या भागाचा, उतार फार सौम्य असल्याने ती चेंबरमध्ये किती आत जाऊन थांबावी, हे ठरवायला त्या पट्ट्याचा उपयोग होतो. मॅग्नम म्हणजे पट्टा आणि पट्टा म्हणजे ताकद, असा जो समज पसरला आहे, त्याला आधार नाही. .४१६ रिग्बीला आणि .४०४ जेफरीला पट्टा नाही.

आमच्या गावात हा विषय निघाला, की रानडुकरांनी धान लोळवलेले आणि रोह्यांनी तूर खाल्लेली शेतकरी मंडळी विचारतात, आपल्याला असे काही करून घेता येईल का. त्यांच्या नुकसानीची मला पूर्ण जाणीव आहे, माझे स्वतःचे बांध त्याच रानाला लागून आहेत. परंतु उत्तर स्वच्छ दिले पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, पीक खाणाऱ्या डुकरासाठी किंवा रोह्यासाठीही वन विभागाची रीतसर परवानगी लागते, आणि रानगव्याचे तर नावही काढू नये, तो कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावरच्या बंदुकीचे माप परस्पर बदलून घेणे हा गुन्हा आहे, मग ते काम करणारा गावातला लोहार कितीही हुशार असो. शिवाय मोठ्या बोअरची गोळी या कामाची नाही. ती डुकरातून आरपार जाऊन पुढे कित्येक शेते ओलांडते, आणि आपल्याकडे त्या शेतांत पहाटेपासून माणसे वाकलेली असतात. आपल्याकडे परवान्यावर नेहमी दिसणारी, भारतीय आयुध कारखान्यातली .३१५ रायफलसुद्धा आठ मिलिमीटरची २४४ ग्रेनची गोळी फेकते, आणि तीही सपाट धानपट्ट्यात फार मोठे अंतर जाते.

भाच्याच्या निवडीकडे परत येतो. .४६० वेदरबी त्याने स्वतःच सोडली, .४५८ चा माझा अनुभव त्याने जवळून पाहिला होता. .४०४ जेफरी मला मनापासून आवडते, दाब कमी, धक्का सौम्य, पण जुन्या मूळ वेगाने तिची ऊर्जा ५,४०० ज्यूलच्या रेषेला जेमतेम शिवते, आणि तिची काडतुसे लहान गावात मिळतील याचा भरवसा नाही. शेवटी .३७५ आणि .४१६ रिग्बी उरल्या. रेड्यासाठी रिग्बी अधिक चांगली आहे, यात मला शंका नाही. परंतु भाच्याने आजवर .३०-०६ हूनही मोठे काही नियमित चालवलेले नव्हते, वर्षातले अकरा महिने त्याची रायफल कुडू आणि ओरिक्स यांसारख्या हरणांसाठीच निघणार होती, आणि विमानात सामान हरवले तर आफ्रिकेतल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी .३७५ ची एक पेटी मिळते. वर्षभरात दोनशे गोळ्या न बिचकता मारता येतील असे काडतूस, वर्षभरात वीसच मारता येतील अशा काडतुसापेक्षा त्याच्या अधिक कामाचे होते. त्याने .३७५ घेतली.

कारागिराला पाठवायचा कागद आम्ही दोघांनी फोनवर बसून लिहिला. पंजाची, मूळचीच मॅग्नम लांबीची ॲक्शन. नळी २४ इंच, पीळ बारा इंचांत एक फेरा, म्हणजे ३५० ग्रेनची गोळीही स्थिर राहावी. रिकामी रायफल दुर्बिणीशिवाय ४.२ किलो. दस्ता सरळ, त्याच्या हाताच्या मापाने, टोकाला रुंद गादी, तोंडाला ब्रेक नाही. नेम धरायची लोखंडी माशी आणि खाच ३०० ग्रेनच्या गोळीला ५० मीटरवर जुळवलेली. त्याखाली भाच्याने स्वतःहून एक ओळ वाढवली : रायफल ताब्यात देण्याआधी मऊ टोकाची आणि भरीव, दोन्ही गोळ्यांची निर्जीव काडतुसे मॅगझिनमधून हळू आणि झटकन, अशी दोन्ही रीतींनी शंभर वेळा फिरवून दाखवावीत, आणि त्यांतली सहा निर्जीव काडतुसे सरावासाठी रायफलीबरोबर द्यावीत.